बिनभटजीच्या लग्नाचा अध्यक्ष

ज्याला आपले म्हणणे सरकारपुढे नीट मांडता येत नाही, त्याचे म्हणणे मांडून देणे हा माझा व्यवसाय. कुंभकोणम् येथील तालुका कचेरीच्या फाटकासमोर, करंजाच्या झाडाखाली, एक टेबल, एक बाक, एक इंग्रजी आणि एक तमिळ टंकयंत्र एवढ्या सामग्रीवर मी तो बरीच वर्षे चालवीत आलो आहे. माझे शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. परंतु पदवी घेतलेली माणसेही आपले अर्ज मजकडूनच लिहून घेतात, यावरून वाचकांनी काय ते समजावे. रेशनकार्डापासून शेताच्या बांधापर्यंत मी न हाताळलेला विषय विरळा. तरीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस मजकडे जे काम आले, तसे काम त्यापूर्वी या जिल्ह्यातील कोणत्याही अर्जलेखकाकडे आले नसावे. मला एका लग्नासाठी अध्यक्ष निवडावयाचा होता.

लग्न माझ्या पुतणीचे. आमचे घराणे मराठे राजांच्या काळी या तमिळ मुलुखात येऊन राहिलेले, घरात मराठी बोलणारे. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांची ही एकुलती मुलगी; ती त्यांना अप्पा म्हणते. बियाण्यांचा अभ्यास करण्यासाठी ती डेन्मार्कला गेली आणि तेथील एका शाळामास्तराशी तिचे जमले. मास्तरांची देवाशी कधी ओळख झाली नव्हती, आणि हिने असलेली ओळख तिकडे गेल्यावर वाढवली नव्हती. तिकडच्या कचेरीत सह्या करून दोघांनी कायद्याचे लग्न उरकले होते. परंतु मुलीच्या मनाला ते पुरेसे वाटेना. अण्णा समुद्र ओलांडणार नाहीत हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने ठरवले की सोहळा येथे करावयाचा, भटजीशिवाय, मंत्राशिवाय, पण वडिलांच्या डोळ्यांसमोर. वऱ्हाड डेन्मार्कहून कुंभकोणम् येथे आणावयाचे.

अण्णा त्याच तालुका कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी फाटकाबाहेर अर्ज लिहावेत आणि त्यांनी फाटकाच्या आत ते शेरे मारून परत करावेत, असा आमचा भाऊपणा कित्येक वर्षे चालला. मुलीचा बेत मी त्यांच्या कानी घातला तेव्हाही ते कचेरीच्याच भाषेत बोलले.

"सह्या झाल्या ना? मग फाईल बंद. पुन्हा उघडायचं कारण काय?"

"तुम्ही बघावं, एवढंच कारण."

"भटजी नाही, होम नाही. बघायचं काय? परक्या माणसाला आमच्या उपाध्यायांच्या जागी उभा करणार, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवू? मी येणार नाही. लिहून घे."

मी लिहून घेतले नाही. परंतु मुलगी आणि जावई येऊन दाखल झाले, आणि अण्णांनी बोलणेच सोडले. म्हणजे जावयाशी बोलत. त्याला इंग्रजीतून डेल्टाच्या कालव्यांची माहिती देत. मुलीशी मात्र नाही. "तिला सांगा, नळाला पाणी आलंय," असे ते घरातल्या घरात अक्काकरवी कळवीत, आणि मुलगी चार हातांवर उभी असे. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली; मुलीची आई गेल्यावर तिला लहानाची मोठी केली ती अक्कानेच.

एके दिवशी पुतणी माझ्या बाकावर येऊन बसली. "काका," ती म्हणाली, "सगळं लग्न तुमच्यावर सोडते. हॉल, जेवण, हार. मला फक्त अप्पा समोर बसायला हवेत. ते नसले तर मी हे इथं करतेय कशाला?"

मी तिला शब्द दिला. माझ्या पत्राच्या शाईइतकाच माझा शब्द पक्का असतो.

जावयाने मला समजावून सांगितले की त्यांच्या देशात देवळाविना लग्न करणारी जोडपी, सोहळा चालवणारा माणूस फार पारखून घेतात. अनेकांना भेटतात, गप्पा मारतात, आणि मग ज्याच्याशी सूर जुळेल त्याला नेमतात. त्याचे आईवडील येणार होते आणि त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार होता: लावणार कोण? मला यात नवल वाटले नाही. तमिळ मुलुखात देव-भटजी न मानणाऱ्या चळवळीमुळे भटजीविना लग्ने लागत आली, त्याला एक पिढी उलटून गेली आहे. अशा लग्नात भटजीच्या जागी अध्यक्ष असतो. बहुधा एखादा पुढारी. तो खुर्चीत बसतो, हार उचलून हातात देतो आणि भाषण करतो. पत्रिकेवर त्याचे नाव वधूवरांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापतात. तेव्हा माणसाची वाण नव्हती. प्रश्न एवढाच होता की ज्याच्यासमोर अण्णा येऊन बसतील असा अध्यक्ष कोठून आणावा.

उमेदवारांच्या मुलाखती मी करंजाखालीच ठेवल्या. बाकाच्या एका टोकाला पुतणी, दुसऱ्या टोकाला जावई गुडघे कानापर्यंत घेऊन, आणि मध्ये उमेदवार.

पहिले आले ते असल्या लग्नांत गाजलेले एक वक्ते. भारदस्त आवाज, खांद्यावर काठाचा पंचा. माणूस मोठा मोकळा.

"एक शाल, एक हार आणि दोन तास," ते म्हणाले. "पहिला तास देवांचा समाचार घेतो. दुसऱ्यात ब्राह्मणांचा."

"अय्या," मी वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे तमिळ रीतीने म्हणालो, "मुलीकडचे ब्राह्मण आहेत."

"असं? मग ब्राह्मण वगळतो. दोन्ही तास देवांना देतो."

"देवही वगळले तर? मुलीचे वडील रोज पूजा करतात."

वक्ते विचारात पडले. त्यांनी प्रामाणिकपणे बराच प्रयत्न केला. "मग मी बोलू काय?" असे त्यांनी अखेर मलाच विचारले, आणि माझ्याकडून एक कॉफी घेऊन आनंदाने निघून गेले. जाताना म्हणाले, "जेवायला मात्र येईन हो."

त्यांच्यानंतर इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी जावयाला डेन्मार्कविषयी इतके सांगितले की जावयाला अर्ध्याहून अधिक नवीन होते. ते काळा झगा घालून येणार होते आणि वधूवरांनी प्रत्येकी एक पानभर इंग्रजी कविता तोंडपाठ म्हणावी अशी त्यांची अपेक्षा होती. "चुकलात तर मी पुढचा शब्द सांगेन," ते मायेने म्हणाले. पुतणीने मला टेबलाखालून पाय मारला.

मग आमच्या फाटकातले एक वकील. त्यांना सोहळ्यात फारसा रस नव्हता, पण शपथेत होता. "तोंडी वचनाला कोर्टात किंमत नाही," त्यांचे म्हणणे. "स्टँप पेपरवर घेऊ. वधूने सत्यप्रतिज्ञेवर लिहून द्यायचं, वराने लिहून द्यायचं, साक्षीदार सही करतील, मी शिक्का मारीन. हार त्यानंतर." मला व्यक्तिशः ही सूचना पटली होती. जावई मात्र हसत हसत बाकावरून घसरला.

माझे स्वतःचे नाव मी सुचवले नाही. ते कोणी सुचवले असते तर मी वादही घातला नसता. परंतु कोणी सुचवले नाही, आणि संध्याकाळी अण्णांनी दारातच विचारले, "काय, ठरला का तुमचा भटजी?" तेव्हा मी चपला काढण्यात बराच वेळ घालवला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, एका म्हातारीचा पेन्शनचा अर्ज टंकीत असताना मला उलगडा झाला. ज्या साहेबाकडे अर्ज अडतो, त्या साहेबाची योग्यता पाहत बसण्यात अर्थ नसतो. साहेबाला कोणाचा शब्द मोडवत नाही ते पाहावयाचे असते. ही माझ्या धंद्यातली पहिली पायरी, आणि घरच्याच प्रकरणात मी ती विसरलो होतो. अण्णांना वक्त्याचा, प्राध्यापकाचा, वकिलाचा धाक नव्हता. देवाचाही बेताचाच होता. धाक होता तो अक्काचा.

मी तसाच उठून घरी गेलो. अक्का मागल्या पडवीत सांबारासाठी धने भाजत होती. पुतणी शेजारी विळीवर बसलेली.

"अक्का," मी म्हणालो, "लग्न तू लाव."

पुतणीचा हात विळीवर थांबला. अक्काने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "डोक्यावर ऊन बसलंय तुझ्या. पाणी पी."

"खरंच म्हणतो."

"अरे, कपाळ माझं असलं. आपल्या घरात इतकी लग्नं झाली, हार पडताना मी कधी पुढं आले? भिंतीपलीकडून मंगलाष्टकं ऐकायची आणि भाजी चिरायची. हिच्या आईच्या लग्नातही तेच केलं. आणि आता ही पोर सुखानं नांदायची, तर मी पुढं बसून अपशकुन करू?"

"आत्या, असलं काही नसतं," पुतणी म्हणाली.

"तुझ्या देशात नसेल."

ज्या अर्जाला उत्तर येणार असते त्याच्या पाठीमागे फार लागू नये. अक्काने धने परतले, तवा उतरवला, आणि म्हणाली, "होम नाही म्हणता?"

"नाही."

"मुहूर्त?"

"जेवण तयार होईल तो."

"नक्षत्र, गोत्र, काहीच नाही?"

"काहीच नाही, आत्या."

"मग शकुन कुठं आहे यात?" अक्का म्हणाली. "ज्यात शकुनच नाही, त्यात मी अपशकुन करीन म्हटलं तरी कशाचा करणार?" आणि ती एकदम हसू लागली. तोंडाला पदर लावून हसली, इतकी की धने पाखडताना निम्मे भुईवर सांडले. "बसते. पण भाषण नाही करायची. माझ्या मनात येईल ते दोघांना विचारीन, आणि त्यांनी खरं सांगायचं."

अण्णांना हे कळले तेव्हा ते पांढरेफटक पडले.

"अक्काला बसवणार? चार लोकांपुढं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मी ऐकीन," अक्का म्हणाली. "तुला काय त्याचं? तू येणार नाहीस ना?"

"नाही येणार."

"बरं. मग मला रिक्षा तेवढी ठरवून दे."

हॉल मी शेजारच्या तिरुभुवनम् गावी, रेशीम विणणाऱ्यांचा घेतला. गावातले मंडपवाले पहिला प्रश्न उपाध्यायांच्या नावाचा विचारीत. तिरुभुवनमच्या रेशीमवाल्यांनी फक्त माणसे किती ते विचारले. कौलारू, लांब, दोन्ही बाजूंनी खिडक्या. मागच्या गल्लीतून मागांची खटखट ऐकू येई. ध्वनिक्षेपकवाल्याला, हारवाल्याला, आचाऱ्याला मी जातीने भेटलो. प्रत्येकाने तेच विचारले: "सार, अध्यक्ष कोण?" आपल्या घरची म्हातारी आहे असे सांगणे मला बरे दिसेना. प्रसंगाची प्रतिष्ठा राखणे भाग होते. मी म्हणालो, "नाव आज सांगता येत नाही. पण तालुका कचेरीत यांचा शब्द आजवर कोणी मोडलेला नाही."

यात अक्षरही खोटे नव्हते. हेड क्लार्कनेच मोडला नव्हता, तर इतर कोण मोडणार?

लग्नाच्या सकाळी डॅनिश मंडळी रेशमी कपड्यांत घाम पुसत पहिल्या रांगेत बसली. वराचे वडील माझ्याबरोबर फाटकाशी आले आणि मला म्हणाले की त्यांच्या पूर्वजांनी जवळच तरंगंबाडी येथे किल्ला बांधला होता. "आमच्याच राजांनी दिली ती जागा," मी सांगितले. एव्हाना रिक्षा आमच्या मागे येऊन थांबली होती. अक्का उतरली, आणि तिच्यामागून छत्री घेऊन अण्णा.

"मी आलेलो नाही," अण्णांनी मला बजावले. "तिला पोचवायला आलोय. इथंच उभा राहतो. आणि ती जागा नायक राजांनी दिली. आपले मराठे राजे तेव्हा इकडं यायचे होते. पाहुण्यांना काहीबाही सांगू नकोस."

ते फाटकाशी, मांडवाच्या खांबाला टेकून, हॉलकडे पाठ करून उभे राहिले. पुतणीने व्यासपीठावरून ती पाठ पाहिली. नेसलेल्या शालूचा पदर तिने उगाचच पुन्हा पुन्हा सारखा केला.

अक्का खुर्चीत बसली. जुने तपकिरी लुगडे, मोकळे कपाळ, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. हॉलमध्ये कुजबुज झाली. आमच्या नात्यातल्या दोघी बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी ध्वनिक्षेपक तिच्यासमोर सरकवला, आणि हारांचे ताट पुढे आणणार, तोच मागच्या रांगेतून एक विणकरीण उठली, सरळ व्यासपीठावर आली, आणि तिने वाकून अक्काच्या हातात एक कागद ठेवला. तिच्यामागे एक म्हातारा. त्याच्यामागे आणखी माणसे, रांग लावून.

मी ताट तसेच खाली ठेवले. आमच्याकडे बिनभटजीच्या लग्नाचा अध्यक्ष म्हणजे पुढारी, आणि पुढारी समोर सापडला की अर्ज द्यावयाचा, हा रिवाजच आहे. मीच बडा अध्यक्ष येणार म्हणून सांगितले होते. कागदांचे टंकनही मला ओळखू आले. ते सगळे माझ्याच करंजाखाली तयार झालेले होते.

"अम्मा, नंतर, नंतर," मी तमिळमध्ये म्हणालो, "हे लग्न आहे."

"थांब रे," अक्का म्हणाली. "उन्हातून आलेत. मला अध्यक्ष म्हणून बसवलंस ना तू?" तिने कागद लांब धरला, जवळ धरला. तमिळ ती बोलते उत्तम. अक्षरे मात्र तिला बाळबोधच येतात. "काय आहे हे? मला वाचता येत नाही."

"मी वाचतो."

"तू लिहिलंयस, तू चांगलंच वाचशील. दुसरं कोणी वाचू दे." आणि ती समोरच्या ध्वनिक्षेपकाचे भान न ठेवता, आमच्या घरच्या मराठीत, जशी स्वयंपाकघरातून हाक मारते तशी ओरडली, "अरे, बाहेर उभा आहेस ना छत्री घेऊन, आत ये! कचेरीचं काम आलंय!"

हाक हॉलमध्ये घुमली, कर्ण्यातून मायिलाडुतुरैच्या रस्त्यावर गेली, आणि मला वाटते पुढच्या बस थांब्यापर्यंत पोचली. अण्णा हॉलकडे वळले. सगळ्या हॉलने माना वळवल्या होत्या. न येणे आता येण्यापेक्षा अवघड झाले होते. त्यांनी छत्री मिटली, चपला काढल्या आणि ते चालत व्यासपीठावर आले.

अर्ज हाती पडताच त्यांचा चेहरा बदलला. चष्मा नाकावर आला.

"पथदिव्याचा अर्ज. हा तालुक्याला कशाला? पंचायतीकडे जायला हवा." माझ्याकडे पाहून, "तारीख नाही."

"तारीख अर्जदार घालतो," मी म्हणालो.

"अर्जदाराला लिहिता येत असतं तर तो तुझ्याकडे आला असता?"

"तुम्ही दोघं नंतर भांडा," अक्का म्हणाली. "त्यांना सांग काय करायचं ते."

अण्णांनी त्या बाईला तमिळमध्ये सांगितले, कोणाकडे जायचे, कोणत्या वारी जायचे, सोबत काय न्यायचे. मग म्हाताऱ्याला. त्यांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. निवृत्तीनंतर तो इतका ठणठणीत मी ऐकला नव्हता. रांग संपली तेव्हा अक्काने शेजारची खुर्ची थोपटली. "बस. माझ्या कानाशी कोणी हवं, हा आवाज फार करतो," असे तिने ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवून म्हटले. अण्णा बसले.

मग लग्न लागले. अक्काने जावयाला विचारले आणि भाषांतर नवरीनेच केले.

"ही सकाळी लवकर उठत नाही. चालेल?"

"मी चहा करतो," जावई म्हणाला.

"रागावली की बोलत नाही. तेव्हा काय करशील?"

जावयाने विचार केला. "मीही बोलणार नाही."

"नको रे बाबा! एक घर तसं आहे, तेवढं पुरे." नवरी हे भाषांतर करीत असतानाच मराठी कळणारे सगळे हसले आणि अण्णा छताकडे पाहू लागले. अक्का नवरीकडे वळली. "आणि तू. हा उंच आहे, वाकून वाकून याची पाठ दुखेल. तू थोडी वर बघायला शिक. कबूल?"

"कबूल."

"मग घाला हार. झालं. पानं वाढली असतील."

दोन तासवाले वक्ते दुसऱ्या रांगेतून उठून म्हणाले, "एवढंच?" पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. हार मात्र मी भरगच्च सांगितले होते. निशिगंध आणि गुलाबाचे, चांगले जड. नवरीची मान त्याखाली वाकली. ती वडिलांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

अण्णांनी कागद घडी करून गुडघ्यावर ठेवले. चष्मा काढला. "हार काढ," ते म्हणाले. सरळ तिला, मध्ये कोणी नाही. "मान दुखेल."

"तुम्हीच काढा, अप्पा."

ते उठले. हार केसांत अडकला होता. तो त्यांनी हळू, एकेक फूल सोडवावे तसा सोडवला. नवरी रडत होती आणि हसत होती. जावयाला वाटले, हा विधीच आहे. त्याने पुढे येऊन मान खाली घातली. अण्णांनी त्याचाही हार काढला, आणि पंजा क्षणभर त्याच्या डोक्यावर राहू दिला. खाली वराच्या आईने छायाचित्र घेतले आणि सुनेला विचारले, फार सुंदर आहे, याला तुमच्याकडे काय म्हणतात?

नवरीने अक्काकडे पाहिले.

"सांग तिला," अक्का खुर्चीतून उतरत म्हणाली, "आमच्या घरात हे असंच करतात."